एकसरी घटमाला आणि नियंत्रणरहित बाष्पोपकरणे

विद्युत् घट एकसरी जोडले असता त्यांच्या विद्युत् दाबांची बेरीज होते, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकातही आढळते. दोन किंवा तीन कोरडे घट एकामागून एक घातलेली विजेरी हे त्याचे नित्य परिचयाचे उदाहरण होय. तथापि या विधानाचा एक उत्तरार्ध आहे आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. एकसरी जोडणीत दाबाची बेरीज होते, पण प्रवाहाची वाटणी होत नाही. मालेतील प्रत्येक घटातून संपूर्ण प्रवाह वाहतो. विजेरीच्या बाबतीत हा उत्तरार्ध दुर्लक्षिला तरी फारसे बिघडत नाही, कारण दिव्याची तार प्रवाहाला मर्यादा घालते आणि कोरड्या घटाचा अंतर्गत रोधही पुष्कळ असतो. परंतु घट लिथियम-आयन जातीचा असेल, तार वापरणाऱ्याने स्वतः गुंडाळलेली असेल आणि दोहोंच्या मध्ये कोणतेही नियंत्रक मंडल नसेल, तर हाच उत्तरार्ध जिवावर बेतू शकतो. ज्या उपकरणांत हे तिन्ही योग एकत्र येतात, त्या नियंत्रणरहित बाष्पोपकरणांच्या विद्युत् रचनेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यांतून निघणाऱ्या बाष्पाचे शरीरावर होणारे परिणाम हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. उपकरणाची रचना

ज्याला बाजारात ‘व्हेप’ म्हणतात, त्या उपकरणाच्या आधुनिक रूपाचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांना देण्यात येते. त्यांनी ते २००३ च्या सुमारास सिद्ध केले. त्याचे मूलतत्त्व साधे आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात भिजलेल्या कापसाच्या वातीभोवती रोधक तारेचे वेटोळे असते. तारेतून विद्युत् प्रवाह सोडला की ती तापते व द्रवाचे बाष्प होते.

या उपकरणांचे दोन वर्ग पडतात. नियंत्रित वर्गात घट व वेटोळे यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि ते दाब, प्रवाह व वेळ यांवर देखरेख ठेवते. दुसऱ्या वर्गात असे काहीही नसते. पितळेची, तांब्याची किंवा पोलादाची एक नळी, तिच्या बुडाशी दाबण्याचा खटका, माथ्यावर वेटोळ्याची बैठक आणि आत घट, एवढीच त्याची सामग्री. नळीची धातूची भिंत हीच ऋण बाजूची वाहक तार होय. खटका दाबताच मंडल पूर्ण होते. वापरणारे यालाच ‘यांत्रिक’ उपकरण म्हणतात आणि ते नाव यथार्थ आहे. त्यात विद्युत् मंडलाला साधा खटका असतो, विवेक नसतो.

या नळीत प्रायः १८६५० या मापाचा घट घालतात. हा आकडा म्हणजे घटाचे माप होय: व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये प्रथम व्यापारी स्वरूपात बाजारात आला आणि त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो, तर सरासरी दाब सुमारे ३.६ व्होल्ट धरतात. अधिक प्रवाह देण्यासाठी बनविलेल्या या जातीच्या घटाची क्षमता सामान्यतः २.५ अँपियर-तासांच्या आसपास असून त्यातून सतत घ्यावयाच्या प्रवाहाची मर्यादा उत्पादक सुमारे २० अँपियर ठरवून देतात. पुढील सर्व हिशेबांत असाच घट गृहीत धरला आहे.

लांब नळीत असे दोन घट एकावर एक ठेवले, म्हणजे खालच्याचे धनाग्र वरच्याच्या ऋणाग्राला टेकले, की एकसरी घटमाला तयार होते. व्होल्टाने २० मार्च १८०० च्या पत्रात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना ज्या चकत्यांच्या चळतीचे वर्णन लिहून पाठविले, तिचीच ही दोन मजली वंशज होय.

२. दाब, रोध आणि शक्ती

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम आहे व घट एकच आहे असे समजा. अंतर्गत रोध क्षणभर बाजूला ठेवल्यास ओहमच्या नियमानुसार प्रवाह ४.२ ÷ ०.५ म्हणजे ८.४ अँपियर येतो, आणि शक्ती ४.२ × ८.४ म्हणजे सुमारे ३५ वॅट. आता तेच वेटोळे तसेच ठेवून दुसरा घट एकसरी जोडला. दाब ८.४ व्होल्ट झाला, प्रवाह १६.८ अँपियर झाला आणि शक्ती १४१ वॅटवर गेली. घट दुप्पट झाले, पण शक्ती चौपट झाली. रोध कायम असता शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, याचाच हा परिणाम होय.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी एकटा घट ८.४ अँपियर देत होता. आता मदतीला दुसरा घट आला असताना पहिल्याला १६.८ अँपियर द्यावे लागतात. ओझे उचलणारे हात वाढले आणि प्रत्येक हातावरचा भारही दुप्पट झाला, अशी ही विलक्षण स्थिती आहे. याउलट तेच दोन घट समांतर जोडले असते, तर दाब ४.२ व्होल्टच राहिला असता, एकूण ८.४ अँपियर प्रवाह दोघांत वाटला गेला असता आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४.२ अँपियरच आले असते. एकाच वेटोळ्यासाठी समांतर व एकसरी या दोन जोडण्यांत प्रत्येक घटावरील प्रवाहाचे प्रमाण एकास चार असे पडते.

यावरून एकसरी जोडणी मुळातच सदोष आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. वेटोळ्याचा रोध चौपट, म्हणजे २ ओहम केला, तर ८.४ व्होल्ट दाबाखाली प्रवाह ४.२ अँपियर व शक्ती पुन्हा ३५ वॅट येते. प्रत्येक घटावरचा भार समांतर जोडणीइतकाच राहतो, आणि मंडलातील प्रवाह निम्मा झाल्यामुळे नळी, आटे व खटका यांच्या स्पर्शबिंदूंवर वाया जाणारी उष्णता चतुर्थांशावर येते. दूर अंतरावर वीज वाहून नेताना दाब चढवितात त्यामागील तत्त्व हेच. दोन्ही जोडण्यांत साठविलेली ऊर्जाही सारखीच असते: एकसरीत ७.२ व्होल्ट व २.५ अँपियर-तास, समांतरात ३.६ व्होल्ट व ५ अँपियर-तास. दोहोंचा गुणाकार १८ वॅट-तास.

धोका उद्भवतो तो एका जोडणीची सवय दुसरीत नेल्यामुळे. २० अँपियरांची मर्यादा पाळावयाची तर एका घटावर किमान ०.२१ ओहम रोध हवा आणि एकसरी जोडीवर किमान ०.४२ ओहम. एकेरी नळीत ०.२ ओहमचे वेटोळे वापरून सरावलेला मनुष्य मर्यादेच्या काठावर वावरत असतो. तेच वेटोळे त्याने दुहेरी नळीवर चढविले, की हिशेबाचा प्रवाह ४२ अँपियर होतो. त्यातही ही मापे किती सूक्ष्म आहेत पाहा. लोह, क्रोमियम व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या ०.४ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ११.५ ओहम भरतो. म्हणजे ०.४२ ओहमसाठी सुमारे ३६ मिलिमीटर तार लागते आणि ०.२१ ओहमसाठी त्याच्या निम्मी. बोटाच्या एका पेराएवढ्या तारेने सुरक्षित व असुरक्षित यांतील सीमा ओलांडली जाते.

३. अंतर्गत रोधाचा परिणाम

वरील हिशेबात घट आदर्श मानला होता. प्रत्यक्षात प्रत्येक घटाला सुमारे ०.०३ ओहम अंतर्गत रोध आहे आणि सर्व स्पर्शबिंदूंचा मिळून ०.०२ ओहम आहे असे धरू. मग ०.५ ओहमच्या वेटोळ्यासह मंडलाचा एकूण रोध ०.५८ ओहम होतो. प्रवाह १६.८ ऐवजी सुमारे १४.५ अँपियर आणि वेटोळ्यातील शक्ती १४१ ऐवजी सुमारे १०५ वॅट. कमी झालेल्या आकड्याने समाधान मानण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक घटाच्या पोटात आता सहा वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होत आहे. वेटोळे ०.२ ओहमचे असल्यास प्रवाह ३० अँपियर होतो आणि प्रत्येक घटात २७ वॅट उष्णता निर्माण होते. अंगठ्याएवढ्या बंद डब्यात, तोही धातूच्या नळीत बसविलेला असता, इतकी उष्णता बाहेर पडण्यास वाव थोडा असतो.

घट जुना होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणजे जो घट नवा असताना एखादा प्रवाह निभावून नेत होता, तोच पुढे त्याच प्रवाहाला अधिक तापतो. उत्पादकाने दिलेली मर्यादा नव्या घटाची असते, ही गोष्ट या ठिकाणी विसरता कामा नये.

४. विषम घटांची जोडी

किर्खहॉफच्या नियमानुसार शाखा नसलेल्या मंडलात सर्वत्र प्रवाह एकच असतो. तेव्हा वरचा घट अधिक काम करतो की खालचा, हा प्रश्न उद्भवतच नाही. दोघांतून दर सेकंदाला तितकाच विद्युत् भार वाहतो. अडचण निर्माण होते ती दोघांची साठवण सारखी नसल्यास.

एका घटात २.५ अँपियर-तास आणि जुन्या झालेल्या दुसऱ्यात १.८ अँपियर-तास क्षमता उरली आहे असे समजा. स्वतंत्र भारकात भरल्यावर दोघांचाही दाब ४.२ व्होल्टच दिसेल, कारण दाब हे भरलेपणाचे माप आहे, क्षमतेचे नव्हे. एक भांडे लहान व एक मोठे असले तरी दोन्ही काठोकाठ भरता येतात, तसेच हे. वापर सुरू झाल्यावर १.८ अँपियर-तास खर्च होताच लहान घट रिकामा होतो, पण मोठ्यात ०.७ अँपियर-तास शिल्लक असतात. तो प्रवाह ढकलीतच राहतो आणि रिकाम्या घटातून तो प्रवाह जावाच लागतो, कारण दुसरी वाट नाही. एकाचा दाब ३.५ व दुसऱ्याचा २ व्होल्ट झाला असता एकूण ५.५ व्होल्ट भरतात. ०.५ ओहमच्या वेटोळ्याला यातून अजून सुमारे ६० वॅट मिळतात, म्हणजे एका पूर्ण भरलेल्या घटापेक्षाही अधिक. बाष्प विपुल निघते आणि वापरणाऱ्याला शंका येण्याचे काही कारण उरत नाही.

हा क्रम चालू राहिल्यास दुबळ्या घटाचा दाब शून्यावर येतो व पुढे त्याची अग्रे उलटतात. लिथियम-आयन घट असा मर्यादेपलीकडे रिकामा झाला, की त्याच्या ऋणाग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा विद्युत् विच्छेद्यात विरघळू लागतो. पुन्हा भरताना ते तांबे भलत्या ठिकाणी जमते आणि घटाच्या आतच मंडल संक्षेप होण्याची भूमिका तयार होते. इजा आज होते आणि तिचा परिणाम पुढे कधीतरी, भारकात किंवा खिशात, प्रकट होतो. म्हणून एकसरी वापरावयाचे दोन घट एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले असावेत, ते नेहमी एकत्रच वापरावेत व एकत्रच भरावेत, हा नियम केवळ सोयीचा नाही. तो वरील कार्यकारणभावातून निघालेला आहे.

समांतर जोडणीतील दोष याच्या नेमका उलट आहे. तेथे विषम घट आपापसांत दाब जुळवून घेतात. पण एक घट चुकून उलटा बसला, तर दोघांचे दाब एकमेकांत मिळून ८.४ व्होल्ट केवळ अंतर्गत रोधांवर कोसळतात. एकसरी जोडणीत एक घट उलटा बसला तर दाबांची वजाबाकी होऊन उपकरण बहुधा चालतच नाही. एक जोडणी उलटेपणा सहन करते पण विषमता सहन करीत नाही. दुसरीचे याच्या विपरीत.

५. वेष्टनाचा प्रश्न

एकसरी नळीत आणखी एक बारकावा आहे. या घटाचा सबंध धातूचा डबा हाच त्याचे ऋणाग्र असतो आणि त्यावर केवळ पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन असते. एकेरी नळीत धनाग्र वर ठेवून घट बसविला असता डबा व नळी ही दोन्ही ऋण बाजूचीच असतात. वेष्टन फाटून डबा नळीला टेकला, तर खटका निरर्थक होतो व वेटोळे आपोआप तापू लागते. हे वाईटच, पण प्रवाह अद्याप वेटोळ्याच्या रोधातूनच जातो.

दुहेरी नळीत वरच्या घटाचा डबा खालच्या घटाच्या धनाग्राला जोडलेला असतो. अर्थात तो नळीपेक्षा ४.२ व्होल्टांनी उंच पातळीवर असतो. त्याचे वेष्टन फाटून डबा नळीला टेकला आणि खटका दाबला गेला, की खालच्या घटाची दोन्ही अग्रे वेटोळ्याला वगळून थेट जोडली जातात. मध्ये केवळ घटाचा स्वतःचा व स्पर्शबिंदूंचा रोध उरतो आणि प्रवाह शंभर अँपियरच्या आसपास जाऊ शकतो. दोन्ही घटांची वेष्टने फाटलेली असल्यास खटका दाबण्याचीही गरज राहत नाही. एकेरी नळीत ज्या चिरेकडे काणाडोळा करून चालले असेल, तीच चीर दुहेरी नळीत मंडल संक्षेप घडविते.

यानंतर जे घडते ते रसायनशास्त्राचे क्षेत्र आहे. तापमान सुमारे १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचता ऋणाग्रावरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो व स्वतः उष्णता सोडतो. सुमारे १३० अंशांना दोन अग्रांमधील पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. त्याहून वर धनाग्राच्या ऑक्साइडातून ऑक्सिजन मुक्त होतो. उष्णतेने विक्रिया व विक्रियेने उष्णता असे चक्र सुरू झाले, की बाहेरचा प्रवाह तोडूनही ते थांबत नाही. ज्वालाग्राही वायू घटाच्या धनाग्राजवळील झडपेतून, म्हणजे उभ्या नळीत तोंडाच्या दिशेने, बाहेर पडू पाहतात. नळीला पुरेशी छिद्रे नसतील तर दाब तिच्या दुर्बल टोकाला तोडून मोकळा होतो, आणि बंद टोकाची नळी अग्निबाणासारखी वागते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या काळात त्या देशातील वृत्तांत नोंदल्या गेलेल्या १९५ आगी व स्फोटांची गणना आहे. त्यांत १३३ जणांना इजा झाली व त्यांपैकी ३८ इजा गंभीर होत्या. हे आकडे सर्व प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटींचे आहेत. त्या काळात मृत्यूची नोंद नव्हती. परंतु मे २०१८ मध्ये फ्लोरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग येथे व जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे बाष्पोपकरणाच्या स्फोटाने प्रत्येकी एक तरुण दगावला.

६. नियंत्रक मंडल कोणते काम करते

नियंत्रित उपकरणांतही घट पुष्कळदा एकसरीच असतात. मग फरक कशात आहे? तेथील मंडल प्रथम वेटोळ्याचा रोध मोजते आणि तो फार कमी असल्यास प्रवाह सोडीतच नाही. ते प्रवाहाला कमाल मर्यादा घालते, खटका काही सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास मंडल तोडते, आणि घटांचा दाब ठराविक पातळीखाली गेल्यास काम थांबविते. चांगल्या रचनेत प्रत्येक घटाचा दाब वेगळा पाहिला जातो, त्यामुळे ३.५ व २ व्होल्टांची विषम जोडी केवळ बेरजेआड लपू शकत नाही.

यांत्रिक नळीत ही सर्व कामे वापरणाऱ्यावर येतात. रोध मोजणे, मर्यादेशी ताडून पाहणे, घटांची जोडी राखणे, वेष्टन तपासणे व वेळीच थांबणे, यांपैकी एकही काम त्याने टाळले तरी उपकरण त्याला सूचना देत नाही. ते पूर्ववत चालत राहते आणि क्वचित अधिक जोमाने चालते.

७. उपसंहार

भारतात २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटींचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांना प्रतिबंध केला आहे. तेव्हा हा विषय आपल्याकडे अप्रस्तुत आहे असे कोणास वाटेल. परंतु १८६५० घट या देशात सर्वत्र पसरलेले आहेत. अंकसंगणक, विजेऱ्या, हत्यारे व विजेवर चालणाऱ्या दुचाकी यांच्या घटमालांत ते किंवा त्यांच्या जातीचे घट असतात, आणि जुन्या माला फोडून त्यांतील सुटे घट पुन्हा वापरण्याची पद्धतही प्रचलित आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रकल्पासाठी असे घट हाताळतात. अमेरिकेच्या ग्राहकोत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुट्या १८६५० घटांविरुद्ध जाहीर इशारा दिला, त्याचे कारणही हेच: हे घट मूळ मालेतील संरक्षक मंडलासह वापरण्यासाठी बनविलेले असतात.

सुट्या घटांची एकसरी माला बांधणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मालेच्या एकूण दाबाला भार जोडल्यावर जो प्रवाह येतो, तो मालेतील सर्वांत दुबळ्या घटाला सोसणारा आहे काय? तो दुबळा घट प्रथम रिकामा झाल्याचे आपणास कोणत्या साधनाने कळेल? आणि प्रत्येक घटाचा डबा शेजारच्या धातूपेक्षा किती व्होल्टांनी वेगळ्या पातळीवर आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ओहम व किर्खहॉफ यांच्या एकोणिसाव्या शतकातील नियमांनीच मिळतात. ती मिळेपर्यंत खटका दाबू नये.